लिस्बनचा राजप्रवेशग्रंथ

स्पेन व पोर्तुगाल यांचा समाईक राजा तिसरा फिलिप (पोर्तुगालच्या गणनेनुसार दुसरा) याने २९ जून १६१९ रोजी लिस्बन नगरात केलेल्या समारंभपूर्वक प्रवेशाचे वर्णन करणारा, बरोक वळणाचा दुर्मिळ सचित्र ग्रंथ. झुआंव बातिश्त लाव्हान्य (सु. १५५०–१६२४) हा त्याचा कर्ता. १६२२ मध्ये तो माद्रिद येथे राजमुद्रक तोमास हुंती याच्या छापखान्यातून पोर्तुगीज व कॅस्टिलियन अशा दोन भाषांत स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला. चित्रे यान स्खोरकेन्स या फ्लेमिश उत्कीर्णकाने ताम्रपटांवर कोरली. गोवा, वसई, चौल, दमण व दीव ही ठाणी १५८० ते १६४० या काळात याच राजवंशाच्या अंमलाखाली असल्याने कोकण-गोव्याच्या इतिहासाशीही या ग्रंथाचा संबंध पोहोचतो.

राजप्रवेश हा यूरोपीय नगरजीवनातील एक जुना विधी. आपल्याकडे स्वारी येणार म्हणून वाटेवर गुढ्या-तोरणे उभारीत, तशा तेथे लाकूड, कापड व गिलावा यांच्या उत्तुंग विजयकमानी उभ्या केल्या जात. त्यांवर पुतळे, रूपकात्मक चित्रे व लॅटिन लेख असत. समारंभ आटोपला, की कमानी मोडल्या जात. उरे तो केवळ ग्रंथ. अशा ग्रंथांकडे राजस्तुतीची बाडे म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. लिस्बनच्या ग्रंथाला तो निकाल लावणे अन्यायाचे होईल. त्यातील कमानी राजाने नव्हे, तर नगरातील व्यापाऱ्यांनी व कारागीर श्रेणींनी आपापल्या खर्चाने उभारल्या होत्या. आणि खर्च करणाऱ्याला काही सांगायचे होते.

याचा उत्तम पुरावा म्हणजे कुंभारांची कमान. चीनहून पोर्तुगीज गलबतांतून येणाऱ्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांनी यूरोपची बाजारपेठ काबीज केली होती. लिस्बनच्या कुंभारांनी त्याच धर्तीची झिलईदार भांडी घडविण्यास आरंभ केला होता. त्यांच्या कमानीवर एकीकडे चिनी भांडी उतरविणारी जहाजे व दुसरीकडे लिस्बनची भांडी परदेशी नेणारी जहाजे रंगविलेली होती. पूर्वी चीनने महागात विकलेली वस्तू आता राज्यातच तयार होते, अशा आशयाचे पद्यही होते. राजापुढे मान तुकवितानाच धंद्याची बाजू मांडण्याचे हे धारिष्ट कौतुकास्पद आहे. संबंध ग्रंथातील हेच चित्र सर्वांत जिवंत वाटते. मात्र या कमानीवर पूर्वेचा माल आहे आणि तो वाहणारी जहाजे आहेत. माल घडविणाऱ्या पूर्वेकडील कारागिराला तेथे जागा नाही.

नगराची मोठी मागणी वेगळीच होती. १५९८ साली गादीवर आलेला हा राजा एकवीस वर्षांनी प्रथमच पोर्तुगालमध्ये येत होता. दरबार माद्रिदऐवजी लिस्बनला असावा, ही पोर्तुगीजांची जुनी आकांक्षा. राजा सुमारे तीन महिने राहिला. जुलैमध्ये प्रतिनिधिसभेने युवराजाला वारस म्हणून शपथ वाहिली. त्यानंतर राजा परतला, तो पुन्हा आला नाही. ग्रंथाच्या गद्यात या निराशेचा मागमूसही नाही. लाव्हान्य हा गणितज्ञ, विश्वरचनाशास्त्राचा राजाश्रित पंडित व नकाशाकार होता. बारूश या इतिहासकाराच्या आशियाविषयक इतिहासाचा चौथा खंड त्यानेच सिद्ध करून १६१५ मध्ये प्रकाशित केला. स्तंभांचा प्रकार, पुतळ्यांच्या जागा, लेखांचा मजकूर या बाबतींत त्याची लेखणी मोजणीदाराची आहे. हीच त्याची थोरवी व हीच मर्यादा. वर्णनामागून वर्णन येत जाते, रचना डोळ्यांपुढे उभी राहते. तिच्याभोवतीची माणसे मात्र क्वचितच दिसतात.

इंग्रज, जर्मन, इटालियन व फ्लेमिश व्यापाऱ्यांनीही कमानी उभारल्या होत्या. हा तपशील आज उपहासगर्भ वाटतो. ज्या वर्षी लिस्बनमध्ये इंग्रज व्यापारी पोर्तुगालच्या राजाचा जयजयकार करीत होते, त्या वर्षी सुरतेस इंग्रज वखार चांगली रुजली होती व डचांनी जावा बेटावर बटेव्हियाचा पाया घातला होता. ग्रंथ छापून निघाला त्या १६२२ मध्येच इराणी फौज व इंग्रज जहाजे यांनी मिळून होर्मुझ पोर्तुगीजांकडून हिरावून घेतले. तोवर ग्रंथनायकही उरला नव्हता. राजा ३१ मार्च १६२१ रोजीच मरण पावला होता.

असा योग अन्यत्रही आढळतो. १६३५ मध्ये अँटवर्पने राजपुत्र फेर्दिनांदचे स्वागत केले, तेव्हा सजावटीची योजना रूबेन्सची होती. स्केल्ट नदीची वाहतूक रोखली गेल्याने व्यापार बुडाला, हे गाऱ्हाणे रूबेन्सने नगर सोडून निघालेल्या मर्क्युरी देवाच्या रूपाने मांडले. त्या समारंभाचा ग्रंथही राजपुत्राच्या १६४१ मधील मृत्यूनंतरच वाचकांच्या हाती आला. कलागुणांत तो लिस्बनच्या ग्रंथाहून निःसंशय सरस आहे. स्खोरकेन्सच्या रेषेत रूबेन्सचा आवेग नाही. पण नाना श्रेणींचे बरेवाईट सूर लिस्बनच्या ग्रंथात जसे वेगवेगळे ऐकू येतात, तसे एकाच प्रतिभावंताच्या योजनेत येत नाहीत.

गोव्याने हा विधी आपल्या परीने उचलला होता. दीवचा वेढा उठवून आलेल्या झुआंव द काश्त्रूने १५४७ मध्ये रोमन सेनानीच्या थाटात, युद्धकैद्यांसह गोव्यात प्रवेश केला; त्या मिरवणुकीचे चित्रण असलेले ब्रसेल्सचे विणीव चित्रपट व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात आहेत. पुढे वास्को द गामाचा पणतू फ्रांसिश्कू द गामा याच्या कारकीर्दीत मांडवीकाठी व्हाइसरॉयची कमान उभी राहिली. नव्या व्हाइसरॉयला नगराच्या किल्ल्या तेथे दिल्या जात. ही कमान दगडी आहे. तिची पुनर्बांधणी १९५४ मध्ये झाली. राजा मात्र गोव्याला कधी आला नाही. गोव्याची गाऱ्हाणी पत्रांतून जात, आणि राजा व नगरसभा यांच्यातील तो पत्रव्यवहार कुन्हा रिव्हारा यांनी एकोणिसाव्या शतकात संपादून छापला. लाव्हान्यचा ग्रंथ या पत्रांशेजारी ठेवून वाचला, तरच त्याचा खरा अर्थ लागतो.

ग्रंथातील सर्वांत प्रसिद्ध चित्र म्हणजे दोमिंगुश व्हियेइरा सेर्रांव या चित्रकाराच्या रेखाटनावरून कोरलेले, घडीचे मोठे नगरदृश्य. तेजू नदीत गलबतांची दाटी असून काठावर राजवाडा व त्याचा भव्य मनोरा दिसतो. पूर्वेच्या मसाल्याचा व्यवहार पाहणारी ‘कासा द इंदिया’ ही कचेरी याच राजवाड्यालगत होती. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात हे सारे नष्ट झाले; त्यामुळे जुन्या लिस्बनच्या अभ्यासकांना हे दृश्य आधारभूत ठरले आहे. अशी चित्रे सुटी काढून चौकटीत लावण्याचा मोह संग्राहकांना आवरत नाही, म्हणून सर्व चित्रांसह अखंड राहिलेली प्रत क्वचितच पाहावयास मिळते.