मेंढरं गेली, गाव गेलं. भात गेला, गाव राहिलं

मराठी कादंबरीतलं छोटं गाव म्हटलं की ‘बनगरवाडी’ आठवतेच. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची. राम देशमुखांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाच्या नावाचा अर्थ होतो ‘गावाला भिंती नव्हत्या’.

ती भिवंडीत बसून वाचून बघा. शहराभोवतीच्या काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, मानकोली या गावांना आता भिंतीच भिंती आहेत. एकेकाळच्या भातखाचरांवर पत्र्याची गोदामं उभी आहेत. तुम्ही फोनवरून मागवलेली वस्तू कदाचित यांतल्याच एखाद्या गोदामातून निघालेली असेल. ही जागा मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, महामार्गाला लागून. २०१७मध्ये जीएसटी आला, जकात गेली. गोदामं वाढतच राहिली.

‘बनगरवाडी’ची थोरवी माणदेशाच्या वर्णनात आहे, असं आपण शिकतो. मला ती हिशेबात दिसते. कोण कशावर जगतं, हे माडगूळकर कधी नजरेआड होऊ देत नाहीत. धनगरांचं जगणं मेंढरांवर. म्हणून दुष्काळात मेंढरं मरतात तेव्हा वाडीच रिकामी होते. सगळ्यांनी मिळून बांधलेली तालीमही माणसांना धरून ठेवू शकत नाही. हे सांगताना लेखक गळा काढत नाही, आणि तेच जास्त लागतं.

हाच हिशेब भिवंडीला लावला की कादंबरी अडते. इथं भात गेला, पण गाव राहिलं. ज्याची जमीन होती त्याला भाडं मिळतं. ज्याची नव्हती तो त्याच गोदामात माल चढवतो-उतरवतो, परप्रांतातून आलेल्या मजुराच्या शेजारी. पोट एका धंद्यावर नाही, त्यामुळे संकटही सगळ्यांचं एक नाही. मग गावानं एकत्र येऊन तालीम बांधावी ती कुणासाठी?

आपली ग्रामीण साहित्याची समीक्षा अजून विहीर, बैल आणि बोली शोधते. त्या चाळणीतून काल्हेर खाली पडतं: ना धड खेडं, ना धड शहर. तिथं वाढलेल्या मुलाला आपलं गाव पुस्तकात सापडत नाही, आणि ते लिहिण्याजोगंच नाही असं वाटू लागतं. हे नुकसान मोठं आहे.

त्यानं माडगूळकरांची माती उचलू नये, हिशेब उचलावा. गोदामाचं भाडं कुणाच्या खात्यात जातं, इथून पहिलं वाक्य सुरू होऊ शकतं.