शोधनिबंधांतील प्रतिमांची पडताळणी : एक चिकित्सा

प्रस्तावना :
वैज्ञानिक शोधनिबंधातील प्रतिमा ही शोभेची वस्तू नसून पुरावा असते. सूक्ष्मदर्शकाखालील छायाचित्र किंवा प्रथिनांचे अस्तित्व दर्शविणारे ‘वेस्टर्न ब्लॉट’चे काळे पट्टे पाहूनच वाचक निष्कर्ष स्वीकारतो. एका प्रयोगाची प्रतिमा दुसऱ्या प्रयोगाच्या नावाखाली छापली गेली, तर निष्कर्षाचा पायाच ढासळतो.

पुण्यातील प्रकरण :
महाराष्ट्रात या प्रश्नाची ठळक चर्चा पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संदर्भात झाली. तेथील एका संशोधकगटाचा शोधनिबंध २००५ साली ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील काही पट्टे याच गटाच्या पूर्वीच्या निबंधातील असल्याचा आक्षेप आला आणि २००७ मध्ये नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. मात्र ज्येष्ठ जैवरसायनशास्त्रज्ञ जी. पद्मनाभन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने गटाला निर्दोष ठरविले. ‘सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज’ने नेमका उलट निष्कर्ष काढला. तेच पट्टे, पाहणारे सर्व जाणकार, तरीही निर्णय भिन्न. येथेच या विषयाची खरी अडचण आहे.

पडताळणीच्या पद्धती व मर्यादा :
प्रतिमेचा उजेड व गडदपणा वाढविल्यास जोडकामाच्या रेषा दिसतात. प्रतिमा उलटून वा फिरवून दुसरीवर ठेवल्यास पुनरावृत्ती उघड होते. एलिझाबेथ बिक, आर्तुरो कासाडेव्हाल व फेरिक फँग यांनी २०१६ मध्ये ४० नियतकालिकांतील २०,६२१ शोधनिबंध तपासले. त्यांपैकी ३.८ टक्के निबंधांत सदोष प्रतिमा आढळल्या. त्यांतील किमान निम्म्या हेतुपुरस्सर बदलल्यासारख्या वाटल्या. ‘सायन्स’ गटाच्या नियतकालिकांनी २०२४ पासून ‘प्रूफिग’ या संगणकप्रणालीचा वापर सुरू केला. तथापि, प्रणाली साम्य दाखविते, हेतू नव्हे. चुकीची फाईल जोडली गेली की जाणूनबुजून जोडली, हे छापील पानावरून ठरत नाही.

नियमांतील उणीव :
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांत १०, ४० व ६० टक्के साम्याच्या मर्यादांवरून दोषाचे स्तर ठरतात. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठासह देशभरातील उच्च शिक्षणसंस्थांसाठी हे विनियम आहेत. त्यांचा भर मजकुरातील साम्यावर आहे. परिणामी, शब्द सर्वस्वी स्वतःचे पण प्रतिमा दुसऱ्याच प्रयोगाची, असा प्रबंध साम्याच्या कसोटीवर निर्दोष ठरू शकतो. शब्दांची उसनवारी टक्केवारीत मोजता येते. पुराव्यातील फेरफार मोजण्यास टक्केवारी निरुपयोगी आहे, कारण एकच पट्टा संपूर्ण निष्कर्ष फिरवू शकतो.

समारोप :
महागड्या प्रणाली प्रत्येक महाविद्यालयाला परवडणार नाहीत. परंतु मूळ फिल्म, न कापलेली प्रतिमा आणि तारीखवार प्रयोगवही जपून ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. प्रबंधासोबत ही मूळ सामग्री विभागात जमा करणे बंधनकारक केल्यास दोषी व्यक्ती निसटणार नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे निर्दोष संशोधकाला आपली बाजू पुराव्यानिशी मांडता येईल. हे संरक्षण सर्वाधिक गरजेचे आहे ते मार्गदर्शकाच्या शब्दावर आकृत्या तयार करणाऱ्या विद्यार्थ्याला; कारण संशयाचे पहिले बोट त्याच्याकडेच वळते.