निरोप आणणारा देव : ‘राजप्रश्नीय’ आणि ‘पायासिसुत्त’

दीघनिकायातील ‘पायासिसुत्त’ आपल्या अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. त्याचे जैन भावंड मात्र आपल्याकडे क्वचितच कोणी उघडून पाहतो. श्वेतांबर आगमांतील दुसरे उपांग ‘राजप्रश्नीय’ (प्राकृत ‘रायपसेणिय’) हे ते भावंड होय. परलोक न मानणारा सत्ताधीश, नगराबाहेर उतरलेला श्रमण आणि दृष्टांतामागून दृष्टांत देत चाललेला वाद, ही चौकट दोहोंत एकच. पालीत सेतव्येचा पायासी राजञ्ञ व कुमारकस्सप. प्राकृतात सेयवियेचा राजा पएसी व पार्श्वपरंपरेतील केशी कुमारश्रमण. एर्न्स्ट लॉयमान यांनी हे साम्य एकोणिसाव्या शतकातच नोंदविले. विलेम बोले यांचा पएसीकथेवरील स्वतंत्र ग्रंथ २००२ साली निघाला. कोणी कोणाचे उचलले, हा वाद येथे घालावयाचा नाही.

देव, विमान, नरक आले की ती उत्तरकालीन भाकडकथा समजून पाने उलटण्याची सवय आपल्यात रुजली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये (१९५७) पुनर्जन्म कशाचा आणि कोणाचा, हा नेमका प्रश्न विचारला. त्या प्रश्नाची ढाल पुढे करून ग्रंथ न वाचणे हा निव्वळ आळस होय. उलट तोच प्रश्न मनात ठेवून ही दोन पुस्तके शेजारी ठेवावीत.

पएसीने चोराला लोखंडी कुंभीत कोंडून जीव बाहेर पडताना दिसतो का, हे पाहिले. जिवंतपणी व मेल्यावर त्याचे वजन केले. वजनात फरक पडला नाही, असे तो सांगतो. केशी उत्तरतो, की वाऱ्याने भरलेली व रिकामी पखाल सारख्याच वजनाची भरते. जीव शरीराहून भिन्न आहे, हेच त्याला सिद्ध करावयाचे असल्यामुळे दृष्टांत चपखल बसतो. कस्सपाची स्थिती अवघड आहे. पायासीही कुंभीतला जीवच शोधतो. पण कस्सपाला परलोक राखावयाचा आहे, नित्य आत्मा मात्र मान्य करावयाचा नाही. म्हणून वजनाच्या प्रसंगी तो तापलेल्या लोहगोलाकडे वळतो आणि आयु, उष्मा व विञ्ञाण यांच्या संयोगाची भाषा वापरतो. हे उत्तर तत्त्वतः निर्दोष असले, तरी वाद म्हणून जैन मांडणी अधिक घट्ट आहे, हे पालीच्या अभ्यासकाने मोकळेपणाने मान्य करावे.

मेलेले आप्त परत येऊन का सांगत नाहीत, या मुख्य आक्षेपावरही तेच दिसते. पालीत वधस्थानी नेलेल्या चोराला घरी जाऊन येण्याची सवड मिळत नाही. केशी मात्र राजाला विचारतो, तुझ्या राणीशी, सूर्यकांतेशी, रत झालेला पुरुष सापडला, तर आप्तांना सावध करण्यासाठी तू त्याला सोडशील काय? पुढे धर्माला लागून राज्याकडे दुर्लक्ष करणाऱ्या पएसीवर हीच सूर्यकांता विषप्रयोग करते. दृष्टांत राजाच्या अंतःपुरातून उचललेला आहे, हे तेव्हा लक्षात येते.

देव का येत नाहीत? मनुष्यलोकाची दुर्गंधी चारशे-पाचशे योजने वर जाते, असे केशी सांगतो. कस्सप शंभर योजने म्हणतो. पण ग्रंथाच्या आरंभी सूर्याभ देव आमलकप्पेस महावीरांच्या दर्शनाला येतोच ना! येथे आगमकाराची दक्षता पाहण्यासारखी आहे. सूर्याभाचे सेवक देव आधी येऊन योजनभर भूमी वाऱ्याने झाडतात, सुगंधी जल शिंपडतात, फुले पसरतात, धूप जाळतात. दुर्गंधीचा सिद्धांत मोडलेला नाही. आणि हा सूर्याभ म्हणजे पूर्वजन्मीचा पएसीच. बत्तीस प्रकारची नाट्ये व विमानाची लांबलचक वर्णने कंटाळवाणी आहेत खरी (मीही प्रथम वाचताना ती ओलांडली होती). पण आजी स्वर्गातून आली नाही म्हणून अडून बसलेल्या माणसाला अखेर स्वतःलाच यावे लागले, हे त्यांच्याशिवाय कळत नाही.

पालीत दिशा उलटी आहे. तेथे गवंपती थेर दिवसाच्या विश्रांतीसाठी रिकाम्या सेरीसक विमानात जातो आणि तेथे त्याला पायासी भेटतो. कण्या-आंबिलाचे जेवण व जाडेभरडे कपडे अनादराने दान केल्यामुळे त्याच्या वाट्याला चातुम्महाराजिकांतील हे ओसाड विमान आले. मनापासून दान करणारा त्याचा सेवक उत्तर तावतिंसात गेला. आदराने, स्वहस्ते द्या, एवढाच निरोप पायासी पाठवितो. जीव कोठून निघाला, हे तो सांगत नाही. त्याला कोणी विचारतही नाही.

विमानवत्थूतील सेरीसक-विमानात तर वाळवंटात वाट चुकलेल्या व्यापाऱ्यांपुढे हाच देव प्रत्यक्ष उभा राहतो आणि आपण पूर्वी पायासी होतो असे सांगतो. मात्र तेथे त्याचे विमान ओसाड राहिलेले नाही. खाणेपिणे, गाणेबजावणे सर्व काही आहे. जैन ग्रंथातील डामडौलाला हसणाऱ्या आपल्या मंडळींनी ते पानही एकदा वाचावे.