पऱ्हाटीवरचे वांगे आणि फ्युजनचा दर्जा

मुंबई-पुण्यापासून बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्यावरून जाणाऱ्या महामार्गापर्यंत ‘फ्युजन’ म्हणून जे ताटात येते, ते बहुतांशी एकाच साच्याचे असते: वडापावात शेजवान चटणी, मिसळीवर चीज, डोशात मेयॉनीज. दोन चवी एकत्र आल्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इथे दोन्हींपैकी एकाही स्वयंपाकाचे तंत्र जागचे हलत नाही. चीज पसरले की मटकी आणि तर्री दोन्ही मुक्या होतात. हा कलेचा आळस आहे, आणि तो नवेपणा म्हणून विकला जातो.

खरे फ्युजन कसे घडते ते नोबुयुकी मात्सुहिसा या जपानी शेफच्या कारकिर्दीत दिसते. १९४९ साली सायतामात जन्मलेला हा माणूस टोकियोतल्या सुशीच्या दुकानात हात तयार करून १९७३ मध्ये पेरूतल्या लिमाला गेला. ओळखीचे जिन्नस तिथे सहज मिळेनात, तेव्हा तिथली मिरची, लिंबू आणि कोथिंबीर त्याच्या माशात आली. १९८७ मध्ये बेव्हर्ली हिल्सला, १९९४ मध्ये न्यूयॉर्कला त्याचे रेस्टॉरंट निघाले, आणि पुढे ‘नोबू’ हे नाव जगभर गेले. कच्चा मासा नको म्हणणाऱ्या ग्राहकासाठी त्याने पातळ कापांवर कडकडीत तेल ओतले. वरचा थर तेवढा शिजला. वरून चुरचुरीत फोडणी घेणाऱ्या आपल्या घरांना ही युक्ती समजावून सांगायला नको. मात्र सुरीचा काप जपानीच राहिला. मुंबईत जन्मलेल्या, गोव्याची मुळे असलेल्या फ्लॉइड कार्डोझ यांनी १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘तबला’ या रेस्टॉरंटमध्ये पाश्चात्त्य स्वयंपाकाची शिस्त आणि आपले मसाले एकत्र आणले, तेही दोन्ही शिकून घेतल्यावरच.

अशा मिश्रणाने परंपरा बाटते, हा आक्षेप टिकत नाही. ठेच्यातली मिरचीच मुळात अमेरिकेतून आली. जपानच्या तेंपुराला पोर्तुगीजांनी वाट दाखवली. आणि नांदुऱ्याच्या शेजारची शेगावची कचोरी फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या कुटुंबाने रुजवली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गिऱ्हाईक चीजच मागते, मग हॉटेलवाल्याने काय करावे? धंदा त्याने जरूर करावा. पण मात्सुहिसासमोरही नकार देणारे गिऱ्हाईकच होते. त्याने ती अडचण तंत्राने सोडवली. आपण ती चीजखाली झाकतो.

आपल्याकडे तंत्राची वानवा नाही. वऱ्हाडच्या या पट्ट्यातले भरताचे वांगे पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, भाजतात. झटकन पेटणाऱ्या आचेने साल करपते, आतला गर मऊ पडतो आणि धूर गरात उतरतो. मग भाजलेली हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून तो ठेचला की कळण्याच्या भाकरीबरोबर पानात येतो. जपानातल्या कोचीत भाताच्या पेंढ्याच्या ज्वाळेवर कात्सुओ मासा वरवर भाजतात. जळण हाही मसालाच, ही जाण दोन्हीकडे आहे. जपानी लोक भाजलेल्या वांग्याला मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचा, लेपही देतात. पऱ्हाटीवरच्या वांग्याला तो लावून पाहण्यासारखे फ्युजन इथे व्हायला हवे. आणि भरीत गॅसवर भाजून त्यावर चीज किसणाऱ्याने त्याला वऱ्हाडी म्हणू नये. केटरिंग शिकणाऱ्या इथल्या मुलांनी आधी पऱ्हाटीची आच हाताळावी, मिसो त्यानंतर. जळणाची अडचण नाही: कापूस वेचून झाला की पुष्कळशी पऱ्हाटी शेतातच जाळून टाकली जाते.