तारण आणि मजुरी

मराठी बायबलात पापातून सुटकेला शब्द आहे 'तारण'. आमच्याकडं तारण म्हणजे सावकाराकडं ठेवलेला ऐवज. मंगळसूत्र ठेवा, जमिनीचा कागद ठेवा, पैसे न्या. एकाच शब्दात भाषेनं दोन्ही कोंबलंय आणि सवाल तिथंच उभा राहतो. गरिबाला दिलेली भाकरी हे ख्रिस्ती माणसानं देवाकडं ठेवलेलं तारण आहे काय? ते ठेवलं तर स्वर्ग, नाही ठेवलं तर नरक?

दोस्तहो, हा नुसता पाद्र्यांचा वाद समजू नका. भुकेला जो असतो तो बहुतेक वेळा आपलाच असतो. आपल्या भुकेवर दुसऱ्याचा हिशेब चाललाय, तर ती वही आपण उघडून बघितली पाहिजे.

वहीत दोन बाजू आहेत. पौल इफिसकरांना सांगतो की तारण ही देवाची कृपा, माणसाच्या कर्माची कमाई नव्हे. मत्तयाच्या २५ व्या अध्यायात मात्र शेवटच्या दिवशी राजा मेंढरं आणि शेरडं निवडावीत तशी माणसं निवडतो. भुकेल्याला जेवू घातलं का, उघड्याला कपडा दिला का, आजाऱ्याकडं, तुरुंगातल्याकडं गेलास का, एवढंच तो बघतो. या भांडणात युरोपचं चर्च फुटलं. कर्माचा आग्रह धरणाऱ्या याकोबाच्या पत्राला ल्यूथरनं १५२२ साली पेंढ्याचं पत्र म्हणून हिणवलं. १५४७ साली ट्रेंटच्या धर्मसभेत कॅथलिकांनी उलटं ठणकावलं की नुसता विश्वास पुरत नाही. शेवटी ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत औग्सबुर्ग इथं लुथरन आणि कॅथलिकांनी एका कागदावर सह्या केल्या. तारण कृपेनं, सत्कर्म हे त्याचं फळ, असा त्याचा मथितार्थ.

सह्या झाल्या, पण मत्तयाची गोष्ट मिटली नाही. ती नीट वाचा. ज्यांनी दिलं त्यांनाच आपण दिल्याचा पत्ता नाही. आम्ही तुला कधी जेवू घातलं, असं तेच राजाला विचारतात. म्हंजे पुण्याची नोंद ठेवून देणारा इथंच बाद झाला. दान ही तारणाची किंमत नव्हे. पण ज्याच्या हातून भाकरी सुटलीच नाही, त्याला ही गोष्ट आत घेत नाही. माझ्या वाचनात उत्तर असं आहे.

तरी एक गोष्ट मला खटकते. त्या अख्ख्या गोष्टीत भुकेला एक अक्षर बोलत नाही. बोलणं राजाचं आणि देणाऱ्या-न देणाऱ्यांचं. राजा म्हणतो, तो भुकेला मीच होतो. हे थोर आहे, मान्य. पण तो भुकेला का राहिला, हे कुणी विचारत नाही.

आपल्या महाराष्ट्रातला दाखला पंडिता रमाबाईंचा. १९०७ सालच्या त्यांच्या इंग्रजी साक्षीत हा प्रवास आहे. इंग्लंडात फुलहॅम इथं पतित ठरवलेल्या बायांसाठी जोगिणी राबताना त्यांनी पाहिल्या. हे का करता, विचारलं. उत्तरादाखल येशू आणि शोमरोनी बाई यांची गोष्ट ऐकवली गेली. म्हंजे आधी दिसली सेवा, मग ख्रिस्त. १८८३ ला बाप्तिस्मा झाला. पुढं आठेक वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त नाही. तारण विश्वासानं मिळतं. असं मानणारी बाई हात बांधून बसायला हवी होती. झालं उलटं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १८८७ साली ज्या बाईंचं पुस्तक उच्च जातीच्या हिंदू स्त्रीबद्दल होतं, त्यांचं दार दुष्काळानं सगळ्यांसाठी उघडलं.

दुसरी बाजू नगरची. तिथं दुष्काळात ख्रिस्ती झालेल्या महार-मांगांना 'पोटासाठी बाटले' असं हिणवलं गेलं. देणाऱ्याला पुण्य आणि खाणाऱ्याला शिवी, हा कुठला न्याय? बाबासाहेबांनी यावर नेमकं बोट ठेवलं. १९८९ ला छापलेल्या त्यांच्या इंग्रजी खंड ५ मध्ये मिशनच्या शाळा-दवाखान्यांचं मोल ते मानतात, पण त्याचा लाभ मोठ्या प्रमाणात वरच्या जातींनी उचलला, हेही दाखवतात. अस्पृश्याची अधोगती अन्यायी समाजरचनेमुळं झाली. त्याला शिकवलं जातं की ती पापामुळं झाली. मग तो लढेल कशाला?

आता त्या पेंढ्याच्या पत्राकडं वळा. विश्वास आणि कर्म यावरचा मधला तुकडा सगळे वाचतात. त्याच्या आधी काय आहे? सभेत सोन्याची अंगठीवाल्याला चांगली जागा आणि फाटक्याला पायाशी बसवणाऱ्यांवर कोरडे. पुढं पाचव्या अध्यायात काय आहे? शेतं कापणाऱ्यांची मजुरी दाबणाऱ्या धनवानांना शाप. म्हंजे आधी बसायची जागा, मग भाकरी, मग मजुरी. नुसती भाकरी उचलून बाकीचं गिळणारा याकोब वाचत नाही. आपल्या धाराशिवातून ऊसतोडीला उचल घेऊन जाणाऱ्या जोडप्यांना हा पाचवा अध्याय समजावून सांगावा लागणार नाही. सूतगिरणीत पाळी भरणाऱ्या मलाही कुणी समजावला नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा पट्टा कोसळला. देशोदेशीची मदत आली, ख्रिस्ती संस्थाही आल्या, राबल्या. ती मदत खोटी नव्हती. ढिगाऱ्याखालच्याला कुणाचा हात हे विचारायला सवड नसते. पण कुठल्याही मदतीला हे तीन सवाल लावा. रांगेत कोण कुठं उभा होता? भाकरी कुणाच्या दारात आधी उतरली? आणि मदतीच्या गाड्या गेल्यावर त्याच्या हाताला दाम मिळाला का?

हे सवाल ख्रिस्त्यांपुरते नाहीत. १४ एप्रिलला आपणही वह्या वाटतो, पोराच्या हातात वही आणि आपलं तोंड कॅमेऱ्याकडं. आपल्याला स्वर्ग नको, पण नाव हवं असतं. वही जरूर द्यावी. पण त्या पोराची शिष्यवृत्ती कुठल्या टेबलावर अडकलीय, हे विचारायला दुसऱ्या दिवशी आपण कचेरीत गेलो का? आणि त्या पोराला बोलू दिलं का?