‘चलनवाढ घटली’ : एका वाक्याचे अर्थनिर्णयन

मराठी अर्थवार्तेची दुर्बोधता पारिभाषिक संज्ञांच्या माथी मारली जाते. वस्तुतः ती साध्या क्रियापदातही दडलेली असते. जून २०२२ मध्ये ७.०१ टक्के असलेला किरकोळ चलनवाढीचा दर जुलैत ६.७१ टक्क्यांवर आला. हे ‘चलनवाढ घटली’ असे मांडले, की वांगणीच्या फलाटावर वृत्तपत्र उघडणारा वाचक त्यातून स्वस्ताई वाचतो. प्रत्यक्षात भाव वर्षापूर्वीपेक्षा चढेच होते. चढण्याचा वेग तेवढा मंदावला होता. त्यातच ‘चलनवाढ’ ही संज्ञा चलनाचे नाव घेते, भावांचा उच्चारही करीत नाही. परिणामी, बाजारातला स्वतःचा अनुभवच वाचकाला संशयास्पद वाटू लागतो. ‘भाव वाढले, पण पूर्वीपेक्षा कमी वेगाने’ असे लिहिल्यास शास्त्राची काटेकोरता उणावत नाही आणि वाचकाचा अनुभवही खोटा ठरत नाही.