रोहिणी, मृग, आर्द्रा: जुन्या ग्लायडरांची पाठचिकित्सा

डहाणू-तलासरीकडील शेतकऱ्याच्या बोलण्यांत पावसाच्या तोंडावर तीन नांवें हटकून येतात: रोहिणी, मृग आणि आर्द्रा. मे महिन्याच्या अखेरीस रोहिणी नक्षत्र लागलें, कीं राब भाजून तयार ठेवलेल्या जमिनीवरून त्याची दृष्टि आपोआप आकाशाकडे जाते. जूनच्या सातव्या तारखेच्या सुमारास मृग लागतो, आणि त्यानंतर पंधरवड्यानें आर्द्राची पाळी येते. या नांवांशीं त्याचें वर्षाचें अन्न बांधलेलें असतें. म्हणून तीं त्याला कोणी पढवावीं लागत नाहींत. परंतु हींच नांवें धारण करणारीं कांहीं विमानें आपल्या देशांत तयार झालीं आणि उडालीं, हें त्याला तर नाहींच, पण तालुक्याच्या गांवीं महाविद्यालयांत शिकणाऱ्या त्याच्या मुलालाहि ठाऊक नसतें. त्या मुलास शिकविणाऱ्या आम्हां प्राध्यापकांपैकीं किती जणांस तें ठाऊक असेल, हा प्रश्न न विचारलेला बरा.

हीं विमानें म्हणजे ग्लायडरें. ग्लायडराला एंजिन नसतें. जमिनीवरील चक्रावर गुंडाळल्या जाणाऱ्या तारेनें किंवा दुसऱ्या विमानानें त्यास ओढून वर नेऊन सोडतात, आणि मग तापलेल्या जमिनीवरून चढणाऱ्या हवेच्या आधारानें तें घारीसारखें घिरट्या घालतें. लिलिएन्थाल हा जर्मन साधक १८९६ सालीं ग्लायडरांतूनच पडून मेला. राइट बंधूंनीं एंजिनाला हात घालण्यापूर्वीं तीन वर्षें ग्लायडरांवरच अभ्यास केला. स्वातंत्र्यानंतर आमच्या नागरी विमान-खात्याच्या दिल्लींतील सफदरजंग येथील तांत्रिक केंद्रांत अशा विमानांची एक मालिकाच निर्माण झाली, आणि तिला नांवें मिळालीं तीं नक्षत्रांच्या क्रमांतील पहिल्या सहांचीं: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर आणि आर्द्रा. कृत्तिकेच्या जागीं कार्तिक आला, तो पाठभेद समजावा. अश्विनी १९५८ सालीं उडाली, रोहिणी १९६१ सालीं. दोहोंचे आराखडे एस. राममृतम् यांचे. पुण्याजवळ हडपसर येथील ग्लायडिंग केंद्रांत आणि राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई पथकांत कित्येक तरुणांनीं आकाशाचा पहिला धडा ग्लायडरांतूनच गिरविला.

रोहिणीची मला अध्यापक या नात्यानें मोह घालणारी गोष्ट म्हणजे तिची बैठक. जर्मनींतील १९३८ च्या सुप्रसिद्ध शिकाऊ ग्लायडरांत विद्यार्थी उघड्या आसनावर एकटाच बसे, आणि गुरु जमिनीवर उभा राहून सूचना करी. पुढें दोन आसनांचीं ग्लायडरें आलीं, त्यांतहि पुष्कळांत शिक्षक मागें आणि शिष्य पुढें अशी रचना असे. शिष्यास आवाज ऐकूं येई, परंतु मुद्रा दिसत नसे. रोहिणींत दोघे खांद्यास खांदा लावून बसत. एकाचा हात दांड्यावर कसा पडतो, तें दुसऱ्यास पाहतां येई. चूक होण्यापूर्वींची चलबिचलहि लपत नसे. लांकूड, प्लायवूड, सरस आणि कापड यांचें हें साधें वाहन म्हणजे एक उडतें अध्यापनशास्त्रच होतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. आणि अशीं वाहनें हरवतात तीं केवळ जुनीं झालीं म्हणून नव्हे. शिकविण्याच्या वस्तूस आपण कधीं संग्रहणीय मानलेंच नाहीं म्हणून. युद्धांत लढलेलें विमान चौथऱ्यावर चढतें. ज्यानें लढणाऱ्याला उडावयास शिकविलें, तें अडगळीच्या खोलींत जातें.

अशा एका अडगळीच्या खोलींत मीं एकदां ग्लायडराच्या पंखाचा एक भाग पाहिला. संस्थेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कापड फाटून लोंबत होतें, त्यामुळें आंतील फासळ्या उघड्या पडल्या होत्या, आणि प्रत्येक फासळीवर कोणा सुतारानें पेन्सिलीनें घातलेला अनुक्रमांक स्वच्छ वाचतां येत होता. जुन्या पोथीच्या समासांत लेखकूनें केलेली खूण पाहून जें वाटतें, तेंच मला त्या क्षणीं वाटलें. पुढच्या वर्षीं मुद्दाम कागद-पेन्सिल घेऊन मी पुन्हां गेलों, तों खोली झाडून स्वच्छ केलेली होती. पंख कोठें गेला, असें विचारतां उत्तर मिळालें, "लांकूड होतें, साहेब, जळणांत गेलें." तो पंख कोणत्या ग्लायडराचा, हें मीं पहिल्या भेटींत विचारलें नव्हतें. दोष कारकुनाचा नव्हे. तें ग्लायडर आहे असें त्याला कोणी सांगितलें नव्हतें. आणि मला दिसलें, तेव्हां मींहि सांगितलें नव्हतें.

आतां या अनास्थेच्या शेजारीं आपला दुसरा उत्साह ठेवून पाहूं. १८९५ सालीं शिवकर बापूजी तळपदे यांनीं गिरगांवच्या चौपाटीवर 'मरुत्सखा' नांवाचें विमान उडविलें, ही कथा मराठी घरांतून मोठ्या अभिमानानें सांगितली जाते. तळपदे हे होऊन गेले, त्यांस या विषयाचा ध्यास होता, याविषयीं वाद नाहीं. पण त्या उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन पुरावा पुढें आलेला नाहीं. तथापि २०१५ सालीं या कथेवर हिंदी बोलपट निघाला, आणि त्याच वर्षाच्या जानेवारींत मुंबईस भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेंत प्राचीन विमानविद्येवर निबंधहि वाचला गेला. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा आधार अशा वेळीं घेतात, त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच अभ्यासकांनीं १९७४ सालींच केली होती. तो ग्रंथ १९०४ पूर्वींचा असूं शकत नाहीं, आणि त्यांत वर्णिलेलीं विमानें उडण्यास अपात्र आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे, ज्याचा एक खिळाहि हातीं नाहीं त्या विमानावर बोलपट निघतो. आणि जें खरोखर उडालें, ज्यांत बसलेलीं माणसें आज आपल्यांत आहेत, त्याच्या फासळ्यांवर चुलीचें पाणी तापतें. तळपद्यांचा उपहास करण्याचा माझा हेतु नाहीं. कथेला आवर घालावयाचा, तर वस्तु जपावी लागते, एवढेंच मला म्हणावयाचें आहे. जेथें वस्तु नाहीशी होते, ती जागा दंतकथा फार काळ मोकळी ठेवीत नाहीं.

वस्तु जपावयाची म्हणजे काय करावयाचें? येथें विमानविद्येचा नव्हे, तर साहित्याचा विद्यार्थी म्हणून मला बोलण्याचा थोडा अधिकार आहे. ग्लायडर ही पोथीसारखी अनेक हातांची कृति असते. एखादा पंख उतरतांना मोडला कीं मुख्य तुळई बदलते; कापड तर ठराविक काळानें उतरवून नवें चढवावेंच लागतें. बहुतेक जुन्या ग्लायडरांचे सांधे दुधापासून काढलेल्या केसीनच्या सरसानें जोडलेले असत. ओलाव्यानें त्यास बुरशी धरते, आणि बाहेरून धडधाकट दिसणारा सांधा आंतून सुटलेला असतो. आमच्या किनाऱ्यावर एका पावसाळ्यांत पुस्तकाचे पुठ्ठे सुटतात. मग या सांध्यांची काय कथा! तीस-चाळीस वर्षें उडालेल्या ग्लायडरांत मूळचें किती आणि नंतरचें किती, हा म्हणूनच खरोखरीचा पाठचिकित्सेचा प्रश्न होय.

या प्रश्नाचें उत्तर हडपसरपासून फार लांब नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें. १९२५ पासून १९४३ मध्यें मृत्यु येईपर्यंत डॉ. विष्णु सीताराम सुकठणकर यांनीं त्याचें नेतृत्व केलें, आणि १९६६ सालीं तें पूर्ण झालें. त्या आवृत्तीचा खरा मोठेपणा पृष्ठाच्या खालच्या भागांत आहे. जो श्लोक मूळचा नव्हे असें ठरलें, तो फेंकून न देतां तळटीपेंत किंवा परिशिष्टांत नोंदविला; आणि जो पाठ स्वीकारला पण ज्याविषयीं मन निःशंक नव्हतें, त्याच्या खालीं एक नागमोडी रेघ ओढली. मला वाटतें, विद्वत्तेच्या इतिहासांत त्या नागमोडी रेघेइतकें प्रामाणिक चिन्ह विरळाच सांपडेल. जुनें ग्लायडर दुरुस्त करणाऱ्यानें हीच रेघ लांकडावर ओढावी. नवी फासळी घातली, तर तिच्यावर वर्ष घालावें. काढलेली फासळी टाकूं नये. आणि रंग देऊन जुनें व नवें एकजीव करण्याचा मोह आवरावा. चकचकीत करून ठेवलेलें ग्लायडर हें बहुधा प्रक्षेपांसकट सोनेरी बांधणींत काढलेल्या पोथीसारखें असतें. शोभा वाढते, प्रामाण्य जातें.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. पोथी वाचण्यासाठीं असते, ती कपाटांत राहूनहि वाचतां येते. ग्लायडर उडण्यासाठीं असतें, आणि न उडणारें ग्लायडर म्हणजे निव्वळ सुतारकाम. इंग्लंडांत १९७३ सालीं स्थापन झालेल्या जुन्या ग्लायडरांच्या संघाचा भर उडविण्यावरच आहे. या आक्षेपाचा विचार करतांना मला पुस्तकांपेक्षां डहाणूकडील वारली घरांची भिंत अधिक उपयोगी पडली. लग्नाच्या वेळीं गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें जो चौक सवाशिणी लिहितात, ज्याच्या मध्यभागीं पालघट देवी असते, तो चौक कोणी जपून ठेवीत नाहीं. लग्न होतें, पावसाळे जातात, भिंत पुन्हां सारवली जाते. तरीहि चौक पिढ्यान् पिढ्या टिकला. कारण तो भिंतीवर नव्हता, हातांत होता. डहाणू तालुक्यांतील गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांनीं १९७० नंतर ही लेखणी कागदावर उतरविली, आणि २०११ सालीं पद्मश्री मिळवून २०१८ सालीं ते गेले. त्यांचे कागद आज संग्रहालयांत आहेत, तें योग्यच आहे. परंतु संग्रहालयांतील कागद कितीहि जपले, तरी सवाशिणींचे हात थांबले तर चौक मेलाच म्हणावयाचा.

तेव्हां जतनाच्या रीति दोन: पोथीची आणि चौकाची. एकींत वस्तु राखतात, दुसरींत ती करण्याची विद्या राखतात. आपल्याकडील हौशी मंडळी बहुधा या दोहोंची गल्लत करतात. हातीं आलेलें एकमेव जुनें विमान उडविण्याच्या हट्टानें तें इतकें बदलतात, कीं पोथी नष्ट होते. आणि काम संपल्यावर आराखडा व कृति कोणास शिकवीत नाहींत, म्हणून चौकहि लिहिला जात नाहीं. माझ्या मतें मार्ग सरळ आहे. सांपडलेलें ग्लायडर असेल तसें राखावें, त्याच्या ठिगळांसह; आणि आराखड्यावरून एक नवें बांधून तें उडवावें. पहिलें काम संग्रहालयाचें, दुसरें तंत्रनिकेतनांचें. फासळी वांकविणें, सरस लावून सांधा दाबणें, कापड ताणून त्यावर लुकण चढविणें, हें सर्व अठरा वर्षांच्या मुलास एका वर्षांत शिकवितां येण्यासारखें आहे. मात्र शिकविणारा जिवंत असला पाहिजे.

आणि येथेंच घाईचें कारण आहे. १९६१ सालीं रोहिणींत जो वीस वर्षांचा तरुण बसला असेल, तो आज ऐंशीच्या पुढें आहे. त्याला शिकविणारे आणि त्याचें विमान दुरुस्त करणारे त्याहून वडील. म्हणून शोधाचा आरंभ लांकडापासून न करतां माणसांपासून करावा. प्रत्येक ग्लायडरास उड्डाणांची नोंदवही असते. कोणत्या दिवशीं किती वेळ उडालें, केव्हां मोडलें, काय बदललें, हें सर्व तींत क्रमानें लिहिलेलें असतें. पंख जळाला तरी वही कोणा निवृत्त शिक्षकाच्या पेटींत असूं शकते. वही, आराखडा आणि माणसाची आठवण, या तीन साधनांवरून हरवलेल्या पंखाचाहि पाठ बऱ्याच अंशीं निश्चित करतां येईल. आणि जेथें करतां येणार नाहीं, तेथें ओढावयास नागमोडी रेघ आहेच.

दरवर्षीं मे महिन्याच्या अखेरीस येथला शेतकरी रोहिणीची वाट पाहूं लागतो, तेव्हां त्या अडगळीच्या खोलीची मला आठवण होते. त्याची रोहिणी कधीं लवकर, कधीं उशिरां येईल. पण ती आकाशांतून येते, आणि पुढल्या वर्षींहि येईल. दुसरी रोहिणी माणसांनीं केलेली होती. ती परत यावयाची असेल, तर कोणीतरी आधीं ती कोठें आहे हें विचारावयास गेलें पाहिजे, आणि पहिल्याच भेटींत कागद-पेन्सिल बरोबर घेऊन गेलें पाहिजे.